चमचा कोणता, वाटी केवढी?

औषधाची चिठ्ठी लिहिताना आपण डॉक्टर मंडळी किती काटेकोर असतो! मिलिग्रॅमचा आकडा, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, सारे स्पष्ट लिहितो. दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडले तर औषधविक्रेता लगेच फोन करून विचारतो. त्याच चिठ्ठीच्या खालच्या अंगाला मात्र आपण लिहितो, "मीठ कमी, तेल बेताने, भात एक वाटी." कमी म्हणजे किती, बेत कोणाचा आणि वाटी केवढी, हे आपण सांगत नाही आणि रुग्णही विचारत नाही. पथ्य हा जर उपचाराचा अर्धा भाग असेल, तर त्या अर्ध्या भागाला आपण एककच दिलेले नाही. स्मरणिकेच्या संपादकांनी या वर्षी "घरातील माणसांना उपयोगी पडेल असे काही लिहा" असे सुचविले, तेव्हा स्वयंपाकघरातील मोजमाप हाच विषय घ्यावा असे ठरविले. विषय भगिनीवर्गाचा आहे असे समजून पुरुष वाचकांनी पान उलटू नये, ही विनंती. घरातले मीठ सर्वांच्याच रक्तात उतरते.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत मापाच्या दोन भाषा नांदत आल्या आहेत. देशावरून आलेल्या घराण्यांनी चिपटे, मापटे, शेर आणि पायली आणली. बाजारात इथले सेर, पाव, छटाक आणि धडी होती. आमच्या आजीच्या बोलण्यात दोन्ही सुखाने एकत्र असत. पण त्यांत एक मूलभूत फरक होता. चार चिपट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली ही आकारमानाची मापे; धान्य त्यात भरून मोजायचे. सोळा छटाकांचा, म्हणजे ऐंशी तोळ्यांचा पक्का सेर हे वजन. आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅम. शब्द जवळजवळ एकच, पण एक भांड्याचा आणि एक तराजूचा. शेरभर तांदूळ आणि शेरभर पोहे भांड्याने सारखे, तराजूवर मात्र त्यांची तुलनाच नाही. १९५६ च्या कायद्याने आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आलेल्या मेट्रिक पद्धतीने बाजारातला हा घोळ मिटविला. स्वयंपाकघरातला मिटला नाही. तिथे वाटी आणि चमचा यांचे राज्य अबाधित राहिले. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याच्या मापात पाककृती घरोघरी पोहोचविल्या, आणि ते सोयीचेच होते. कारण पदार्थाच्या चवीला प्रमाण लागते, वजन नव्हे. दोन वाट्या डाळीला एक वाटी गूळ, हे गुणोत्तर वाटी लहान असो वा मोठी, टिकते. अडचण येते ती प्रकृतीचा हिशेब करताना. शरीर गुणोत्तर ओळखत नाही. त्याला किती ग्रॅम सोडियम आले, एवढेच कळते.

आता थोडे विज्ञान. द्रवपदार्थ भांड्यात पोकळी न ठेवता भरतो, म्हणून त्याचे आकारमान हे भरवशाचे माप आहे. १०० मिलिलिटर पाणी कोणीही, कसेही ओतले तरी जवळजवळ १०० ग्रॅमच भरते. दुधाचे वजन त्याहून किंचित अधिक, तेलाचे कमी (१०० मिलिलिटर तेल सुमारे ९१-९२ ग्रॅम), आणि मधाचे बरेच अधिक, म्हणजे १४० ग्रॅमच्या घरात. कोरड्या पदार्थाचे तसे नाही. पिठाच्या कणाकणांत हवा असते आणि ती किती असावी हे भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. दीडशे मिलिलिटरच्या वाटीत नुकतीच चाळलेली कणीक अलगद भरली तर ती ७५ ते ८० ग्रॅम भरते. डब्यात वाटी खुपसून दाबून काढली तर १०० ग्रॅमच्या आसपास जाते. वाटी तीच, कणीक तीच, फरक वीसेक ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ एका फुलक्याचा. मधुमेही माणसाच्या ताटात एक फुलका रोज जास्त आला की आपण गोळी वाढवितो!

म्हणून द्रव मोजण्याचे आणि कोरडे मोजण्याचे भांडे वेगळे असते, आणि ते वेगळे असण्याला कारण आहे. द्रवाच्या मापाला चोच असते आणि खुणा काठाच्या खाली असतात, कारण काठोकाठ भरलेले पाणी किंवा तेल न सांडता उचलता येत नाही. भांडे हातात धरून वरून पाहू नये. ते ओट्यावर, सपाट जागी ठेवावे आणि डोळे खुणेच्या पातळीला आणावेत. पाण्याचा पृष्ठभाग काचेला चिकटून कडेने वर चढतो व मध्ये खोलगट दिसतो. वाचायचे ते खोलगटाच्या तळाशी. प्रथम वर्षाच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ब्युरेटपुढे वाकून उभे राहिलेल्या प्रत्येक डॉक्टरला हे ठाऊक आहे. घरच्या ओट्यापुढे मात्र आपण वाकत नाही.

कोरड्या पदार्थाचे माप याच्या उलट. ते काठापर्यंतच भरायचे असते. पीठ चमच्याने अलगद भरावे, आपटू नये, दाबू नये, आणि सुरीच्या पाठीने वरचा भाग सपाट कापून टाकावा. आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे, शीग. धान्य मोजताना मापाच्या वर जो ढीग राहतो ती शीग. शीग धरायची की काढायची हे आधी ठरवूनच पूर्वी व्यवहार होत असे. धान्याच्या व्यापाऱ्याला जे कळत होते ते आज चमचा भरताना आपण विसरतो. मिठाचा सपाट चमचा आणि शिगेचा चमचा यांत दुपटीपर्यंत अंतर पडू शकते. "शीग काढून" हे दोन शब्द पथ्याच्या कागदावर लिहिले तरी निम्मे काम होईल, असे माझे मत आहे.

सपाट मापाचा आग्रह धरणारी एक बाई अमेरिकेत होऊन गेली आणि तिचा आपल्या व्यवसायाशी जवळचा संबंध आहे. फॅनी फार्मर हिला वयाच्या सोळाव्या वर्षी पक्षाघाताने गाठले आणि तिचे पुढचे शिक्षण थांबले. पुढे ती बॉस्टनच्या पाकशाळेत शिकली, तिथेच मुख्याध्यापिका झाली आणि १८९६ साली तिचे पाकशास्त्रावरील पुस्तक निघाले. "लोण्याचा अक्रोडाएवढा गोळा" अशा मोघम मापांच्या जागी तिने सपाट भरलेला कप आणि सपाट चमचा यांची शिस्त रूढ केली. १९०४ साली तिने आजारी आणि बऱ्या होत असलेल्या माणसांच्या आहारावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात या विषयावर व्याख्याने दिली. रुग्णाच्या पथ्याला माप हवे, हे डॉक्टरांना एका स्वयंपाकिणीने सांगावे यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आता मिठाकडे येतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. त्यात सुमारे २ ग्रॅम सोडियम असते. बारीक मिठाचा ५ मिलिलिटरचा एक सपाट चमचा सुमारे ६ ग्रॅम भरतो. म्हणजे संपूर्ण दिवसाचा वाटा एका सपाट चमच्याहूनही कमी! खडे मीठ त्याच चमच्यात कमी बसते, कारण खड्यांमध्ये पोकळी अधिक. पण खारटपणा कमी लागला म्हणून आपण अर्धा चमचा अधिक घालतो आणि हिशेब पुन्हा तिथेच येतो. उपवासाचे सैंधव हेही मीठच आहे. ते गुलाबी असल्यामुळे त्यातले सोडियम सौम्य होत नाही.

एक अनुभव सांगतो. साठी ओलांडलेल्या एक बाई हृदयाच्या दुर्बलतेसाठी माझ्याकडे नियमित येत. औषधे वेळेवर घेत, तरीही पायांवरची सूज वारंवार परतत असे. मिठाविषयी विचारले की उत्तर ठरलेले, "चौघांच्या स्वयंपाकाला दिवसभरात दोन चमचे, त्यावर कण नाही." दोन चमचे म्हणजे १२ ग्रॅम, माणशी ३ ग्रॅम, आदर्शच म्हणायचे. शेवटी मी त्यांच्या सूनबाईंना मिठाच्या बरणीतला चमचा आणावयास सांगितले. स्टीलचा, खोलगट, जुन्या घडणीचा चमचा होता. सिरिंजने पाणी भरून पाहिले तर त्यात काठोकाठ ८ मिलिलिटर मावले. सूनबाईंनी रोजच्या सवयीने भरून दाखविलेले मीठ तराजूवर ठेवले, ते १५ ग्रॅम निघाले. दोन चमचे म्हणजे ३० ग्रॅम, माणशी साडेसात ग्रॅम. लोणचे, पापड आणि आपल्या इंदूरची शेव त्याहून वेगळी. बाई खोटे बोलत नव्हत्या. त्या चमचे मोजत होत्या आणि मी ग्रॅम ऐकत होतो. बरणीतला चमचा बदलला, शीग बंद झाली, संध्याकाळची शेव थांबली. पुढच्या भेटींत सूज उतरलेली दिसली आणि औषधाची मात्रा वाढवावी लागली नाही. तेव्हापासून पथ्याच्या रुग्णांना मी पुढच्या भेटीत घरचा चमचा आणि वाटी घेऊन यायला सांगतो. काही जण हसतात, पण आणतात.

चमचा मोजण्याचाही कंटाळा असेल त्यांच्यासाठी एक सोपा उपाय आहे. एक किलो मिठाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहावी. चार माणसांच्या घरात माणशी ५ ग्रॅमप्रमाणे दिवसाला २० ग्रॅम लागतील, म्हणजे पिशवी ५० दिवस पुरली पाहिजे. महिन्यात संपली, तर माणशी रोजचे ८ ग्रॅमच्या वर गेले. हीच पद्धत तेलाला लावावी. पाच लिटरचा डबा चौघांत महिनाभरात संपत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला ४० मिलिलिटरच्या वर तेल येते, आणि त्यातून साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. तळणीतले उरलेले तेल, पाहुणेरावळे, सणवार यांनी आकडा मागेपुढे होईल, पण डब्यावरची तारीख खोटे बोलत नाही. कढईत पळीने किंवा थेट डब्यातून धार धरणाऱ्यांनी एकदा ती धार मोजण्याच्या चमच्यात धरून पाहावी. पंधरा मिलिलिटरच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे सव्वाशे कॅलरी असतात.

आणखी एक दुर्लक्षित चमचा म्हणजे खाण्याच्या सोड्याचा. तो खारट लागत नाही म्हणून मिठाच्या हिशेबात कोणी धरत नाही. पण सोड्याच्या एका सपाट चमच्यात जवळजवळ सव्वा ग्रॅम सोडियम असते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या निम्म्याहून अधिक. ढोकळा, भजी, डाळ लवकर शिजावी म्हणून टाकलेली चिमूट, आणि पोट जड झाले म्हणून पाण्यात घेतलेला सोडा, हे सर्व उच्च रक्तदाबाच्या रुग्णाने मोजायला हवे.

आतापर्यंतची चूक महिन्यांनी किंवा वर्षांनी अंगावर येते. एक माप मात्र असे आहे की जे काही तासांत अंगावर येते, आणि तेही घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या. अतिसार झालेल्या बाळाला द्यावयाचे मीठ-साखरेचे पाणी हे ते माप. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत शिरेतून देण्याचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात पुड्या बांधवून घेतल्या. मोठ्या पिंपांत ते द्रावण करून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हातून पाजविले. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराखालील रुग्णांत ४ टक्क्यांच्या खाली आले. महालनबीस २०२२ साली निवर्तले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. त्या पुड्यांतले तिन्ही पदार्थ किराणा-औषधाच्या दुकानात मिळणारे होते. जीव वाचविला तो त्यांच्या वजनाने.

नंतर १९८० च्या दशकात बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेच्या स्त्री-कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि त्यांनी मातांना तीन बोटांची एक चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असे माप शिकविले. सव्वा कोटीच्या आसपास घरांपर्यंत हे काम पोहोचले. चिमूट आणि मूठ ही मापे अशास्त्रीय म्हणून हसण्याआधी पुढचे ऐकावे. त्या प्रत्येक आईकडून ते पाणी करवून घेत, नमुने तपासून त्यातील मिठाचे प्रमाण पाहत आणि आईने किती नीट लक्षात ठेवले यावर कार्यकर्तीचे वेतन ठरे. अंदाजाला तपासणीची जोड दिली की तोही माप होतो. आपल्याकडे चिमूट आहे, तपासणी नाही.

घरी करावयाचे प्रमाण असे: एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा. अर्धा चमचा मीठ म्हणजे सुमारे ३ ग्रॅम, लिटरला सुमारे ५० मिलिमोल सोडियम. आता कोणी घाईघाईत शिगेचा पूर्ण चमचा घातला तर ते १० ग्रॅमच्या घरात जाते आणि सोडियम १७० मिलिमोलवर पोहोचते. आपले नॉर्मल सलाइनही १५४ चे असते! आणि तोच अर्धा चमचा लिटरऐवजी २०० मिलिलिटरच्या पेल्यात पडला तर २५० च्या वर. कोरड्या पडलेल्या बाळाला हे पाजले म्हणजे रक्तातील सोडियम चढते, बाळ अधिक तहानेले, चिडचिडे होते आणि झटके येऊ शकतात. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. म्हणून घरी तयार पुडी असावी हे उत्तम. २००२ पासून मान्य झालेल्या सूत्रात लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. पोटॅशियम आणि सायट्रेट घरच्या पाण्यात येत नाहीत. मात्र पुडीलाही पाणी मोजूनच लागते. लहान पुडी २०० मिलिलिटरची, मोठी एक लिटरची. मोठी पुडी पेल्यात रिकामी करणारे पालक आपण सर्वांनी पाहिले आहेत. लिटर मोजायला वेगळे भांडे नको. एक लिटर असे छापलेली पिण्याच्या पाण्याची स्वच्छ बाटली हे प्रत्येक घरातले खात्रीचे लिटर आहे.

राहिला प्रश्न, घरची मापे तपासायची कशी? डॉक्टरांच्या घरी दहा मिलिलिटरची सिरिंज असतेच; इतरांना ती औषधाच्या दुकानात मिळते. सुई न लावता तिने पाणी भरून घरातील प्रत्येक चमचा आणि वाटी एकदा मोजावी. एरवीचे चमचे अडीच-तीनपासून सात मिलिलिटरपर्यंत निघतात. मिसळणाच्या डब्यातला चमचा लहान, जेवणाचा मोठा. नक्की पाच मिलिलिटरचा निघेल तो मिठाच्या बरणीत राहू द्यावा. वाटीच्या आत दीडशेची खूण करून ठेवावी.

तराजू घ्यावा का, असे अनेकजण विचारतात. कणीक, तांदूळ, डाळी यांच्यासाठी जरूर घ्यावा. रिकामे भांडे ठेवून शून्य करायचे आणि मग भरायचे, इतके ते सोपे आहे. पण घरगुती तराजू बहुधा एका ग्रॅमपर्यंतच वाचतो. ३ ग्रॅम मीठ त्यावर मोजणे म्हणजे एक तृतीयांश चूक होण्याची तयारी ठेवणे. मोठ्या राशीला तराजू आणि लहान राशीला सपाट चमचा, असा माझा सल्ला आहे. चमच्याचे वजन पाहायचेच असेल तर दहा सपाट चमचे एकत्र तोलून दहाने भागावे. अपस्माराच्या मुलांना दिल्या जाणाऱ्या कीटोजेनिक आहारासारख्या उपचारांत मात्र ग्रॅमला पर्याय नाही. तिथे अधिक सूक्ष्म तराजूच हवा.

परदेशी असलेल्या मुला-सुनांकडून येणाऱ्या पाककृतींविषयी एक सावधगिरी. अमेरिकेचा कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा, आणि भाताच्या विजेच्या कुकरबरोबर येणारा १८० चा. ऑस्ट्रेलियातील मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो, अन्यत्र १५ चा. केक बिघडला तर बिघडो, पण मधुमेहाचा आहार त्या कपांत लिहून आला असेल तर कप कुठला, हे फोनवर विचारून घ्यावे. आणि "एक वाटी भात" म्हणजे शिजलेला की कोरडा, हेही. दीडशेच्या वाटीतले सुमारे १२५ ग्रॅम तांदूळ शिजून अडीच-तीन वाट्या होतात.

शेवटी बालरोगतज्ज्ञ मित्रांच्या वतीने एक गोष्ट. मुलांच्या पातळ औषधाबरोबर खुणा असलेले टोपण किंवा ड्रॉपर येतो. तो त्याच बाटलीबरोबर ठेवावा, दुसऱ्या औषधाला वापरू नये. टोपण सपाट जागी ठेवून, डोळे खुणेच्या पातळीला आणून भरावे. लहान मात्रेसाठी तोंडाने देण्याची सिरिंज अधिक अचूक. चहाचा चमचा औषधाला मुळीच वापरू नये, मग तो सिरिंजने मोजून नेमका पाच मिलिलिटरचा निघालेला का असेना; रडणाऱ्या, मान फिरविणाऱ्या बाळासमोर तो काठोकाठ भरलेला राहत नाही.